बेचनी

पुरोहित नवा आहे. बलियाचा.
तीन वर्षांच्या व्हिसावर निकेरीच्या मंदिरात आलाय.
माझ्या उजव्या तळहातावर त्यानं पळीभर पाणी घातलं,
अक्षता, एक फूल,
आणि विचारलं, गोत्र?

मी भातगिरणीवाला. मला काट्याची भाषा येते:
किती ओलं, किती कोंडा, किती तूट.
गोत्राच्या जागी मी आडनाव सांगितलं.

"बेचनी?" तो थांबला. "बेचनी म्हणजे नक्की कोण?"

हा प्रश्न मला कळतो.
तिकडून येणारा प्रत्येक जण विचारतो,
कुणी जेवणाआधी, कुणी हात धुताना.

आडनाव नव्हतंच ते, महाराज.
बाईचं नाव होतं.
बस्ती जिल्ह्यातल्या कुठल्याशा पिपऱ्यात
आधीची तीन दगावली म्हणून
चौथीला जन्मताच सुइणीला विकली,
मूठभर कोदोला.
मरणाला वाटावं, या घरात नेण्यासारखं काही उरलं नाही.
दुसऱ्या दिवशी परत विकत घेतली.
विकलेली, म्हणून बेचनी.
जगली.

दुसऱ्यांदा विकली गेली तेव्हा एकोणीस वर्षांची,
कलकत्त्याच्या डेपोत, पाच वर्षांच्या कराराला,
अंगठा देऊन.
त्या खेपेला परत विकत घ्यायला कुणी आलं नाही.

बरोबर नवरा नव्हता. म्हणजे होता, जहाजावर जुळलेला,
पण तसल्या लग्नाला डच कचेरीत रकाना नव्हता.
मुलगा झाला. कारकुनानं विचारलं, आडनाव?
तिनं स्वतःचंच नाव सांगितलं,
दुसरं होतं काय तिच्यापाशी.
'च' लिहायला त्याला दोन अक्षरं लागली.

तेव्हापासून आम्ही मिशावाले पुरुष
एका बाईचं नाव शेवटी लावून फिरतो:
ट्रॅक्टरच्या कागदांवर, पोत्यांच्या शिक्क्यात,
धाकट्याच्या हेगमधल्या ट्रामच्या पासावर.

भाची इंद्रावती पारामारिबोच्या दफ्तरखान्यात
आठ दिवस बसली, दोन कागद घेऊन आली.
कलकत्त्याच्या कागदावर, जात: चमार.
इथल्या कागदावर, जात: ठाकूर.
उंची तीच. डाव्या भुवईवरचा व्रण तोच.
बापाचं नाव घुरहू, तेच.
मधे फक्त समुद्र.

चुलतभाऊ रामसेवकनं दुसऱ्या कागदाला चौकट केली,
सोनेरी, टीव्हीच्या वर लावली.
पहिला माझ्याकडे आहे, गिरणीच्या ड्रॉवरात,
पावतीपुस्तकांखाली.
लपवला नाही, असं मी म्हणतो.
मग वर का नाही, असं बायको म्हणते.

त्या रात्री मला झोप लागली नाही.
बदललं कुणी असेल?
कारकुनाला ऐकू कमी येत असेल,
की दुभाष्यानं दोन आणे घेतले?
की तिनंच,
सत्तेचाळीस दिवस उलट्या करून हलकी झालेल्या त्या पोरीनं,
फळीवरून उतरता उतरता ठरवलं असेल
की विचारणारा नवा आहे,
याला काय कळतंय,
सांगून तर बघू.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणा," पुरोहित म्हणाला,
"चालतं."
बायकोचं कोपर माझ्या बरगडीत.
मागे मंडळी खुर्च्यांवर चुळबुळत होती,
कढीच्या पातेल्याखालचा गॅस कुणीतरी बारीक केला.
बोटांच्या फटींतून निम्मं पाणी
पाटावर गळून गेलेलं.

"बेचनी," मी म्हणालो. "तिथंही बेचनीच म्हणा."

तो माझ्याकडे बघत राहिला.
मग पळी उचलली, पाणी पुन्हा घातलं,
आणि ते नाव संस्कृतात बसवायला लागला,
पुटपुटत, दोनदा अडखळून:
बेचनी-गोत्रोत्पन्नस्य...

मागं कुणीतरी नारळ फोडला,
वेळेच्या आधीच.